बिल्ड स्लो आहे? आधी सांगा, फाइल्स कुठे ठेवल्यात

या महिन्यातली बरीच पत्रं एकाच भानगडीभोवती फिरतायत. मशीनवर विंडोज आहे, प्रोजेक्टची बिल्ड स्क्रिप्ट (सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणारी) मात्र लिनक्सची आहे, मग ती विंडोजच्या आतच डब्ल्यूएसएलमध्ये, म्हणजे विंडोजमध्ये लिनक्स चालवायच्या सोयीत, चालवायची का सरळ लिनक्स टाकून मोकळं व्हायचं. म्हणून बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून या वेळी हेच घेतलंय. कमांड्स उच्चारानुसार मराठीत लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा.

प्रश्न: सी प्लस प्लसचा मोठा प्रोजेक्ट आहे. माझ्याकडे विंडोज ११, त्यात डब्ल्यूएसएल २ आणि उबुंटू लिनक्स. टीममधल्या एकाकडे सेम मॉडेलचा लॅपटॉप आहे पण त्याने डायरेक्ट उबुंटू टाकलंय. एकच स्क्रिप्ट, एकच ब्रँच, तरी त्याची बिल्ड होऊन टेस्टपण चालून होतात तोवर माझी अर्ध्यातच असते. गिटला (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) साधं स्टेटस विचारलं तरी वाट बघत बसावं लागतं. सगळे म्हणतात डब्ल्यूएसएल स्लोच असतं, ड्युअल बूट कर, म्हणजे विंडोजच्या शेजारी लिनक्सही टाक आणि चालू करताना एक निवड. करू का? प्रोजेक्ट माझ्या डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये आहे.

उत्तर: तुमचं उत्तर तुमच्याच पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे. ड्युअल बूटचं नंतर बघू, आधी टर्मिनल उघडा, प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जा आणि पीडब्ल्यूडी मारा. जो पाथ येईल त्याची सुरुवात स्लॅश एमएनटी स्लॅश सी अशी असणार, आणि असली तर दोष डब्ल्यूएसएलचा नाहीये, प्रोजेक्ट चुकीच्या जागी ठेवलाय एवढंच झालंय. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असला प्रकार आहे हा.

आत काय होतं ते सांगतो म्हणजे पुढचे प्रश्नपण सोपे जातील. २०१६ मध्ये पहिलं डब्ल्यूएसएल आलं तेव्हा त्यात लिनक्सचं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) नव्हतंच, लिनक्स प्रोग्रामने कर्नलकडे काही मागितलं, म्हणजे सिस्टीम कॉल केला, की विंडोजच तो समजून घेऊन आपल्या पद्धतीने पूर्ण करायचं. डब्ल्यूएसएल २ मध्ये हा सगळा कारभारच बदलला (विंडोज १० च्या २००४ नावाच्या व्हर्जनबरोबर, ते साल नव्हे, मे २०२० मध्ये ते सगळ्यांना मिळालं), यात खरंखुरं लिनक्स कर्नल आहे, ते हायपर-व्हीच्या (विंडोजमधली व्हर्च्युअल मशीनची सोय) एका हलक्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतं आणि त्याची स्वतःची ईएक्सटी-४, म्हणजे लिनक्स पद्धतीची, डिस्क असते, जी विंडोजच्या बाजूने बघितली तर एक भली मोठी व्हीएचडीएक्स फाइल असते. तुमचं लिनक्समधलं होम फोल्डर या डिस्कवर असतं. तिथे फाइल उघडली की काम आतल्या आत होतं. सी ड्राइव्ह मात्र व्हर्च्युअल मशीनच्या बाहेर आहे, त्यामुळे तिथली प्रत्येक फाइल नाइन-पी नावाच्या प्रोटोकॉलवरून विंडोजला मागावी लागते, विंडोज एनटीएफएसवरून (विंडोजची फाइलसिस्टीम) ती शोधणार, वर अँटीव्हायरसची रिअल-टाइम तपासणी, आणि मग उत्तर परत येणार.

आता बिल्ड म्हणजे काय ते बघा. कंपायलर जे डोकं चालवतो ते सीपीयूवर, आणि त्यात डब्ल्यूएसएल २ आणि नेटिव्ह, म्हणजे मशीनवर थेट टाकलेलं, लिनक्स यांच्यात फार अंतर पडत नाही. पण त्याच्या आधी मेक किंवा निंजा (काय काय कंपाइल करायचं ते ठरवणारी टूल्स) हजारो फाइल्सना एकच प्रश्न विचारत असतं, तू कधी बदललीस, आणि सी प्लस प्लसची एक फाइल कंपाइल करताना तिच्या मागून शेकड्याने हेडर्स (त्या फाइलने आत ओढलेल्या दुसऱ्या फाइल्स) उघडली जातात, तीपण प्रत्येक वेळी पाच-सहा इन्क्लूड फोल्डर्समध्ये शोधत शोधत, म्हणजे जिथे फाइल नाही तिथेपण जाऊन विचारून यायचं. एकेका खेपेला लागणारा वेळ नगण्यच असतो हो, पण खेपा लाखात जातात. गिट स्टेटसचंही तेच, ते प्रत्येक ट्रॅक केलेल्या फाइलची चौकशी करतं म्हणून तुम्हाला वाट बघावी लागते. याउलट दोन-चार जीबीची एकच मोठी फाइल सी ड्राइव्हवरून वाचायची असेल तर एवढं काही जाणवत नाही.

खात्री करायची असेल तर बिल्ड कमांडच्या आधी टाइम लिहून चालवा, एकदा सी ड्राइव्हवर आणि एकदा होममध्ये. शेवटी रिअल, यूझर आणि सिस असे तीन आकडे येतात. यूझर म्हणजे कंपायलरने खरोखर खाल्लेला सीपीयू, तो दोन्हीकडे साधारण सारखाच दिसेल, आणि रिअलमध्ये मात्र जमीन-अस्मानाचा फरक. मधला सगळा वेळ नुसतं थांबण्यात गेला असं समजा.

उपाय म्हणजे होममध्ये नव्याने गिट क्लोन करा, म्हणजे प्रोजेक्टची ताजी प्रत गिटने उतरवून घ्या. एक्सप्लोररमधून फोल्डर उचलून टाकू नका, तसं केलं की परमिशन्सचा घोळ होतो आणि नेटवरून डाउनलोड केलेल्या फाइल्सच्या शेजारी झोन-आयडेंटिफायर शेपटीच्या भुताटकी फाइल्स येऊन बसतात. मग एडिटर कुठून वापरायचा ही पुढची शंका येणारच, तर व्हीएस कोडचं डब्ल्यूएसएल एक्स्टेन्शन टाका, खिडकी विंडोजची आणि काम सगळं लिनक्सच्या आत असं होतं. विंडोजमधून या फाइल्स नुसत्या बघायच्या असतील तर एक्सप्लोररच्या डाव्या बाजूला लिनक्स दिसतं तिथून जा. पण विंडोजवरचं गिट किंवा जड आयडीई तिथल्या फाइल्सवर सोडू नका, नाहीतर तोच त्रास उलट्या दिशेने, म्हणजे आता विंडोज दर फाइलसाठी लिनक्सचं दार वाजवत बसणार.

अजून एक, सी ड्राइव्हवरच्या फाइलमध्ये विंडोजच्या एडिटरने बदल केला तर त्याची खबर डब्ल्यूएसएल २ मधल्या प्रोग्रामला मिळत नाही, म्हणजे सेव्ह केलं की आपोआप बिल्ड व्हायला हवी ते वॉच मोड नुसतंच बसून राहतं आणि माणूस कॉन्फिगरेशनमध्ये चूक शोधत राहतो. फाइल्स होममध्ये आणल्या की हेही सुटतं.

एवढं करूनही नेटिव्हवाला थोडा पुढे राहीलच, व्हर्च्युअल मशीन आहे शेवटी. पण त्या थोड्यासाठी डिस्कचं पार्टिशन करायला मी तरी सांगणार नाही.

प्रश्न: बिल्ड डॉट एसएच ही फाइल समोर दिसतेय, एलएस केलं की येते, पण चालवली की म्हणते नो सच फाइल ऑर डिरेक्टरी. मित्राच्या लिनक्स मशीनवर हीच स्क्रिप्ट चालते. फाइल विंडोजमधल्या गिटने आणलीये. डोक्याला ताप झालाय.

उत्तर: फाइल आहे, पण स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत जो बॅशचा (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) पाथ लिहिलाय ना, त्या नावाचा प्रोग्राम नाहीये. कारण त्या ओळीच्या शेवटी न दिसणारं एक अक्षर चिकटलंय. विंडोजमध्ये ओळ संपते तिथे कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड अशी दोन अक्षरं असतात, लिनक्समध्ये फक्त लाइन फीड. विंडोजसाठीचं गिट इन्स्टॉल करताना आपण नेक्स्ट नेक्स्ट करत जातो, त्यातलाच एक डिफॉल्ट पर्याय म्हणजे चेकआउट करताना सगळ्या टेक्स्ट फाइल्सच्या ओळी विंडोज पद्धतीने करून देणं. मग लिनक्सचं कर्नल पहिली ओळ वाचतं, बॅश अधिक कॅरेज रिटर्न असं काहीतरी शोधतं, ते कुठे असणार? जुन्या बॅशमध्ये बॅड इंटरप्रिटर आणि टोपीवालं एम (कॅरेज रिटर्नची खूण) तरी दिसायचं, ५.२ पासून नुसतं रिक्वायर्ड फाइल नॉट फाउंड येतं, म्हणजे अजूनच काही कळत नाही.

कॅट वजा कॅपिटल ए देऊन फाइल बघा, प्रत्येक ओळीच्या शेवटी टोपी-एम-डॉलर दिसलं तर रोग हाच. तात्पुरतं डॉसटूयुनिक्स (ओळींचे शेवट बदलणारी कमांड) मारा, चालून जाईल. पण उद्या कोणीतरी परत विंडोजवर क्लोन करणार आणि परत हीच बोंब, त्यामुळे रेपोमध्येच (प्रोजेक्टच्या गिटमधल्या साठ्यात) गिटॲट्रिब्यूट्सची फाइल टाका आणि त्यात एसएच फाइल्सना ईओएल इक्वल टू एलएफ (ओळीचा शेवट लाइन फीड) असं लिहून ठेवा, मग कोणाच्या मशीनवर काय सेटिंग आहे याच्याशी घेणंदेणं राहत नाही. रेपोमध्ये आधीच बिघडलेल्या फाइल्स कमिट झाल्या असतील तर गिट ॲडला रीनॉर्मलाइज हा पर्याय देऊन एकदा कमिट करा.

पहिल्या ओळीत बोंबललं तर एका अर्थी बरं, लगेच कळतं. खरा छळ होतो तो स्क्रिप्ट चांगली असते पण ती जी कॉन्फिग फाइल वाचते ती विंडोज पद्धतीची असते तेव्हा. व्हेरिएबलमध्ये फोल्डरचं नाव येतं ते शेपटीला कॅरेज रिटर्न घेऊन, त्या नावाचं फोल्डर कुठेच सापडत नाही, आणि एरर छापताना कॅरेज रिटर्न कर्सरला ओळीच्या सुरुवातीला नेतो त्यामुळे मेसेजचा पुढचा भाग मागच्या भागावर छापला जातो आणि स्क्रीनवर अर्धवट, डोकं नसलेलं वाक्य दिसतं. असं डोकं उडालेलं वाक्य दिसलं की बाकी काही शोधू नका, सरळ ओळींचे शेवट तपासा.

आणि हो, परमिशन डिनाइड येत असेल तर ते वेगळं. विंडोजवरच्या गिटला फाइल एक्झिक्युटेबल आहे का नाही हे कळतच नाही, तिथून कमिट केलेल्या स्क्रिप्टवर चालवायच्या परवानगीची खूण बसत नाही. गिट अपडेट-इंडेक्सला सीएचमॉड अधिक एक्स देऊन एकदा कमिट करून टाका.

प्रश्न: सर, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गिट बॅशमध्ये बॅश आहेच की, मग डब्ल्यूएसएल कशाला टाकायचं? आणि डब्ल्यूएसएलमध्ये कंपाइल केलेला माझा प्रोग्राम विंडोजवर डबल क्लिक केला तर उघडत का नाही?

उत्तर: दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे बघ. बॅश हा फक्त एक प्रोग्राम आहे, तो आहे म्हणून खाली लिनक्स आहे असं होत नाही. गिट बॅश एमएसवायएस-२ वर बांधलंय, आणि त्याचा वंश जातो सिगविनपर्यंत, जे १९९५ पासून चालू आहे. यात एक डीएलएल (विंडोजची लायब्ररी फाइल) प्रोग्राम आणि विंडोज यांच्या मध्ये बसून युनिक्ससारखं वातावरण तयार करते, काम करणारं कर्नल विंडोजचंच. त्यामुळे छोट्या स्क्रिप्ट्स, गिट, ग्रेप, सेड वगैरे मजेत चालतं, पण मेक आणि जीसीसी तर गिट बॅशबरोबर येतच नाहीत.

मोठी स्क्रिप्ट घेतलीस की दोन गोष्टी नडतात. एक म्हणजे फोर्क. लिनक्समध्ये चालू प्रोसेसची प्रत काढणं हे एका क्षणाचं काम आहे, विंडोजमध्ये तशी सोयच नाही, त्यामुळे सिगविन आणि एमएसवायएसला नवीन प्रोसेस काढून तिच्यात मेमरी कॉपी करावी लागते. कॉन्फिगर स्क्रिप्ट म्हणजे एका मागून एक शेकडो बारके प्रोग्राम चालवणं, ते इथे असं काही रखडतं की चेकिंग फॉर अमुक, चेकिंग फॉर तमुक या ओळी आरामात वाचता येतात. दुसरं म्हणजे पाथची आपोआप होणारी अदलाबदल. तू डॉकरला (कंटेनर नावाच्या बंदिस्त वातावरणात प्रोग्राम चालवणारं टूल) सांगितलंस की आतलं फोल्डर स्लॅश ॲप आहे, तर गिट बॅश मदत करायला जाऊन त्याचं सी ड्राइव्ह, प्रोग्राम फाइल्स, गिट, ॲप असं करून टाकतं, आणि कंटेनरच्या आत असला पाथ कुठून येणार. एमएसवायएस नो पाथकॉन्व्ह नावाचं व्हेरिएबल १ केलं की ते थांबतं.

आता डबल क्लिकचं. डब्ल्यूएसएलमधल्या जीसीसीने जी फाइल बनते ती ईएलएफ प्रकारची, लिनक्सची. विंडोजला ईएक्सई लागते. फाइल नावाची कमांड आहे, तिला तुझा प्रोग्राम दे, ती लगेच सांगेल कुठल्या जातीचा आहे. विंडोजसाठीच प्रोग्राम हवा असेल तर दोन रस्ते, एमएसवायएस-२ पूर्ण टाकून त्यातलं यूसीआरटी-६४ वातावरण वापर, किंवा डब्ल्यूएसएलमध्येच मिंगडब्ल्यू-डब्ल्यू-६४ चा क्रॉस कंपायलर टाकून तिथून ईएक्सई काढ. मला दुसरा बरा वाटतो, स्क्रिप्ट एकच राहते. कॉलेजच्या असाइनमेंटला मात्र लिनक्सवर चालवून दाखवा म्हटलं असेल तर डब्ल्यूएसएल, विषय संपला.

प्रश्न: एम्बेडेडमध्ये, म्हणजे छोट्या बोर्डांच्या सॉफ्टवेअरवर, काम करते. बिल्डरूट (बोर्डासाठी अख्खं लिनक्स बांधणारं टूल) डब्ल्यूएसएल २ वर चालवायला गेले तर सुरुवातीलाच पाथमध्ये स्पेस आहेत म्हणून थांबलं. ते जमवलं तर बिल्डच्या मध्येच किल्ड असं येऊन सीसी-वन-प्लस (सी प्लस प्लसचा कंपायलर) मरतो, रॅम १६ जीबी आहे, नेटिव्हवर एवढ्यातच होतं. कर्नलचा सोर्स सी ड्राइव्हवर क्लोन केला तर काही न करता गिट म्हणतं फाइल्स बदलल्यात. आणि बोर्ड यूएसबीला लावला तर लिनक्सला दिसतच नाही. हे सगळं जमवण्यात अर्थ आहे का?

उत्तर: ताई, तुमचं पत्र एकटंच हा कॉलम भरून टाकेल. एकेक घेऊ.

इथे पाथ म्हणजे कमांडचा प्रोग्राम कुठल्या कुठल्या फोल्डर्समध्ये शोधायचा त्याची यादी. तिचं असं आहे की डब्ल्यूएसएल विंडोजचा सगळा पाथ लिनक्सच्या पाथला मागून जोडून देतं, म्हणजे तिथून नोटपॅडही चालवता यावं म्हणून. त्यात प्रोग्राम फाइल्स येणारच, आणि नावात स्पेस असलेला पाथ बिल्डरूटला चालत नाही, ते तसं स्पष्ट सांगून थांबतं. थांबतं ते बरंच म्हणायचं. काही स्क्रिप्ट्स थांबत नाहीत आणि गुपचूप विंडोजवरचा प्रोग्राम उचलतात, लिनक्समध्ये नोड टाकलेलं नसेल तर एनपीएम म्हटल्यावर सी ड्राइव्हवरचं विंडोजचं एनपीएम चालू होतं, सीमेकलाही कधीकधी तिकडच्या लायब्ररी सापडतात, आणि मग असे एरर येतात की त्यांचा अर्थच लागत नाही. ईटीसीमधल्या डब्ल्यूएसएल डॉट कॉन्फ फाइलमध्ये इंटरॉप या भागात अपेंड विंडोज पाथ फॉल्स करा आणि विंडोजच्या बाजूने डब्ल्यूएसएल शटडाउन मारून परत उघडा. यात एक तोटा म्हणजे टर्मिनलमधून कोड डॉट लिहून एडिटर उघडायची सवय असेल तर ते बंद पडतं, तेवढ्यासाठी हे नको असेल तर बिल्डच्या आधी स्क्रिप्टमध्येच पाथ स्वच्छ लिहून घ्या.

किल्डची गंमत बघा. डब्ल्यूएसएल २ ला डिफॉल्टने मशीनच्या निम्मीच रॅम मिळते, म्हणजे तुम्हाला ८ जीबी. प्रोसेसर मात्र सगळे मिळतात. स्क्रिप्टमध्ये बहुतेक मेक वजा जे आणि एनप्रोक असं असणार, तर एनप्रोक सांगतं १६ कोअर आहेत, मेक १६ कंपायलर एकदम सोडतं, आणि सी प्लस प्लसच्या जड फाइल्स असतील तर त्यातला एकेक जण एक-एक जीबी सहज मागतो. नेटिव्हवर हेच १६ जण १६ जीबीत दाटीवाटीने का होईना मावत होते. कर्नल मग मेमरी वाचवायला त्यातल्या एकाला मारतं आणि तुम्हाला नुसतं किल्ड दिसतं, डीमेसेज बघितलं तर तिथे आउट ऑफ मेमरी लिहिलेलं असेल. विंडोजमधल्या तुमच्या यूझर फोल्डरमध्ये डॉट डब्ल्यूएसएलकॉन्फिग नावाची फाइल करा, त्यात डब्ल्यूएसएल २ या भागात मेमरी १२ जीबी लिहा, आणि तरीही मरत असेल तर जे चा आकडा कमी करा, थोडं हळू होईल पण होईल तरी.

कर्नल सोर्सचं मात्र जमवूच नका, सी ड्राइव्हवर ठेवणं ही कल्पनाच सोडा. त्या सोर्समध्ये एकाच फोल्डरात एक्सटी मार्क नावाची दोन हेडर्स आहेत, एकात मार्क कॅपिटलमध्ये आणि दुसऱ्यात स्मॉलमध्ये. नेटफिल्टर या कर्नलच्या नेटवर्क गाळणीच्या भागात अशा जोड्या आहेत बऱ्याच. विंडोजला कॅपिटल-स्मॉल एकच वाटतं, दुसरी फाइल पहिलीच्या डोक्यावर लिहिली जाते आणि गिट म्हणतं तुम्ही बदल केलेत. फोल्डरपुरतं हे बदलता येतं, विंडोज १० च्या १८०३ या व्हर्जनपासून एफएसयुटिल या कमांडमध्ये सोय आहे. शिवाय कर्नलमधल्या नूव्हो या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये ऑक्स डॉट सी नावाची फाइल आहे आणि ऑक्स हे नाव डॉसच्या काळापासून विंडोजने राखून ठेवलंय, तसंच कॉन, पीआरएन, नल. विंडोजवरचं गिट ती फाइल बनवायलाच नकार देतं. हे सगळं होममध्ये क्लोन केलं तर उद्भवतच नाही.

यूएसबीसाठी यूएसबीआयपीडी-विन टाका, ते विंडोजला लावलेलं यूएसबी डब्ल्यूएसएलला जोडून देतं. विंडोजच्या बाजूने आधी बाइंड, मग अटॅच, की बोर्ड लिनक्समध्ये दिसतो. पण फ्लॅश मोडमध्ये (बोर्डात सॉफ्टवेअर भरायच्या अवस्थेत) जाताना बोर्ड स्वतःला रिसेट करतो, तेव्हा तो तुटून परत विंडोजकडे येतो आणि परत अटॅच करावा लागतो. ऑटो-अटॅच आहे, पण फ्लॅश करणारं टूल तेवढ्या वेळात वाट न बघता कंटाळून बाहेर पडलं तर ते काय करणार.

तर अर्थ आहे का या प्रश्नाला माझं सरळ उत्तर, बिल्डपुरता आहे, रोज फ्लॅश करायचं असेल तर नाही. दिवसभर बोर्ड हातात असणाऱ्या माणसाने नेटिव्ह लिनक्सच घ्यावं. कर्नल मॉड्यूल चालवून बघायचे असतील तरीही तेच, डब्ल्यूएसएलमध्ये यूनेम वजा आर मारलं तर नावात मायक्रोसॉफ्ट दिसतं, ते त्यांनी बांधलेलं वेगळं कर्नल आहे, उबुंटूच्या भांडारात त्याची हेडर्स मिळत नाहीत. आणि परफॉर्मन्स मोजायचा असेल, अमुक फंक्शन किती नॅनोसेकंद खातं वगैरे, तर व्हर्च्युअल मशीनमध्ये मोजलेल्या आकड्यांवर मी तरी कोणाशी पैज लावणार नाही.

प्रश्न: डब्ल्यूएसएलमध्ये बिल्ड केलेला प्रोग्राम सर्व्हरवर टाकला तर जीलिबसी २.३८ नॉट फाउंड. नेटिव्ह लिनक्सवर बिल्ड केली असती तर हे टळलं असतं ना?

उत्तर: नाही. यात डब्ल्यूएसएल बिचारं निर्दोष आहे. तुमच्या डब्ल्यूएसएलमध्ये उबुंटू २४.०४ असणार, त्यात जीलिबसी (लिनक्सच्या प्रोग्राम्सना लागणारी मूळ सी लायब्ररी) २.३९ आहे. सर्व्हरवर २२.०४ असेल तर तिथे २.३५, २०.०४ असेल तर २.३१. जुन्या जीलिबसीवर बांधलेलं नव्यावर चालतं, नव्यावर बांधलेलं जुन्यावर चालेलच असं नाही, मग ते डब्ल्यूएसएल असो, नेटिव्ह असो की अजून काही. सर्व्हरवर जे व्हर्जन आहे त्याचाच कंटेनर घ्या आणि बिल्ड त्यात करा, किंवा डब्ल्यूएसएलमध्ये तेच जुनं डिस्ट्रो (लिनक्सची आवृत्ती) शेजारी टाका, एकापेक्षा जास्त ठेवता येतात.

याच जातीचा अजून एक घोळ बऱ्याच पत्रांत आहे, स्क्रिप्ट एसएच लावून चालवली की सोर्स नॉट फाउंड. उबुंटूमध्ये एसएच म्हणजे बॅश नसतं, २००६ च्या ६.१० पासून तिथे डॅश नावाचा वेगळा प्रोग्राम आहे आणि त्याला सोर्स ही कमांड कळत नाही. बॅश लावून चालवा.

प्रश्न: बिल्ड फोल्डर डिलीट केलं, २० जीबी गेले, तरी सी ड्राइव्ह भरलेलाच.

उत्तर: डब्ल्यूएसएलची व्हीएचडीएक्स फाइल फुगते आपोआप, आत जागा मोकळी झाली तरी बाहेर आपोआप आकसत नाही. डब्ल्यूएसएल शटडाउन करा, मग विंडोजच्या डिस्कपार्ट या टूलमध्ये ती फाइल निवडून कॉम्पॅक्ट व्हीडिस्क मारा. नेटवर कोणी अनरजिस्टर करा सांगत असेल तर हात आवरा, त्याने अख्खं डिस्ट्रो उडतं, न विचारता.

प्रश्न: माझ्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे, वाढवता येत नाही. रोज लिनक्सचीच बिल्ड असते, विंडोज फक्त एका सॉफ्टवेअरसाठी लागतं, तेही कधीतरी. डब्ल्यूएसएल का ड्युअल बूट?

उत्तर: तुम्ही ड्युअल बूट करा. ८ मधले ४ जीबी डब्ल्यूएसएलला, उरलेल्या ४ मध्ये विंडोज, ब्राउझर आणि एडिटर, यात कोणाचंच भलं होणार नाही.

फक्त तयारी नीट करा. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, ते चालू असताना विंडोज बंद केलं तरी खरं तर अर्धवट झोपलेलंच असतं आणि लिनक्स मग ते पार्टिशन फक्त वाचायला देतं. सोर्स कोड लिनक्सच्याच पार्टिशनवर ठेवा, दोन्हीकडून दिसावा म्हणून एनटीएफएसवर ठेवायचा मोह होतो, पण परमिशन्स आणि सिमलिंकची (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी लिंक) तीच रडारड नेटिव्हमध्येही सुरू होते. घड्याळाचंही बघा, विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, धरतं, त्यामुळे एकातून दुसऱ्यात गेलं की काही तासांचा फरक पडतो, मग मेक म्हणतं क्लॉक स्क्यू डिटेक्टेड आणि बदललेल्या फाइल्स कंपाइल न करताच पुढे जाऊ शकतं. टाइमडेटसीटीएलमध्ये सेट लोकल आरटीसी १ केलं की भांडण मिटतं.

आणि पार्टिशनला हात लावायच्या आधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन) चालू आहे का ते तपासा, बऱ्याच विंडोज ११ मशीनवर आपण न सांगताच चालू असतं. चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की दुसऱ्या कुठल्यातरी ठिकाणी लिहून ठेवा, त्याच लॅपटॉपवर नव्हे. बूटची सेटिंग बदलली की विंडोज ती मागू शकतं, आणि ती नसेल तर आतला डेटा कोणीच काढून देऊ शकत नाही.